बर्फावरची तीट

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या आमच्या घराला दोन वास होते आणि त्या दोघांचं आपसांत कधी पटलं नाही. एक स्वयंपाकघरातल्या फोडणीचा, आणि दुसरा बेसमेंटमधून जिन्याने वर चढणाऱ्या टर्पेंटाइनचा. आईने मोहरी तडतडवली की खालून लाडूकाका खोकायचा, लाडूकाका ब्रश धुवायला बसला की आई नाकाला पदर लावून जिन्यातून ओरडायची, "अहो, घराचा पेट्रोल पंप करून ठेवलात की काय!" तिसरा वास बाहेरचा, स्टीलच्या कारखान्याचा. नासलेल्या अंड्याचा म्हणा ना. वारा फिरला की तो यायचा, आणि त्याच्याबद्दल मात्र तक्रार करायची सोय नव्हती, कारण बाबा त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते आणि आमचं पोट त्या वासावर चालायचं. आता मी वॉटर्लूला कॉन्डोत राहते. खालून एलआरटी, म्हणजे इथली ट्राम, जाते तेव्हा खिडकीची काच जराशी थरथरते, बाकी सगळं गपगार. वास तर कसलाच येत नाही. मुलगी येते आणि म्हणते, "मॉम, इट्स सो क्लीन!" क्लीन आहे खरं. मला वैताग येतो त्या क्लीनचा.

लाडू हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. त्याचं नाव एलादियो. बाबांनी बेसमेंट भाड्याने द्यायचं ठरवलं तेव्हा तो एक सुटकेस आणि बगलेत गुंडाळलेले कॅनव्हास घेऊन दारात उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "एलादियो." आईला ते 'ए लाडू' असं ऐकू आलं. तिला वाटलं, थंडीतून आलाय बिचारा, भूक लागली असेल, आणि आमच्याकडे लाडू असतात हे याला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. तिने खरोखर बशीतून बेसनाचा लाडू आणून दिला. त्यानेही काही न विचारता तो उभ्याउभ्या खाल्ला आणि डोळे मिटले. तेव्हापासून तो लाडूकाका. अंगाने मात्र शेवग्याची शेंग. पन्नाशीचा असेल, केस पांढरे, मिशा काळ्या, आणि बोटांच्या नखांत कायम निळा रंग. आईला सगळे वहिनी म्हणायचे म्हणून तोही वहिनी म्हणायला लागला. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे त्यांचं उत्तम जमायचं. बाबांच्या व्याकरणशुद्ध इंग्रजीपुढे दोघंही गप्प बसायचे.

तो क्यूबाचा चित्रकार होता, आणि साधासुधा नव्हे. तो सररिअलिस्ट होता. आई मैत्रिणींना फोनवर सांगायची, "अगं, आमचा भाडेकरू सिरियलिस्ट आहे," आणि पलीकडे लोकांना वाटायचं, सकाळच्या नाश्त्याच्या सीरियलच्या कंपनीत काहीतरी नोकरी असेल. बाबांनी तिला मराठीत समजावलं, "अतिवास्तववादी." त्यावर आई म्हणाली, "अतिच आहे, एवढं मात्र खरं." हवानात म्हणे त्याची चित्रं एके काळी चांगल्या भिंतींवर लागायची. मग त्याने ऊसतोड कामगारांचं एक चित्र काढलं आणि त्यांच्या मानेवर डोक्यांच्या जागी घड्याळं काढली. सरकारी माणसाने विचारलं, हा कामगारांचा अपमान समजायचा का? हा म्हणाला, नाही, हे चित्र समजायचं. त्यानंतर त्याची प्रदर्शनं बंद झाली आणि त्याला भिंतीवर लावायच्या घोषणा रंगवायला बसवलं. पुढे कधीतरी दुसऱ्याच चित्रकारांची चित्रं प्रागला पोचवायला एक शिष्टमंडळ निघालं, त्यात खोकी सांभाळायला म्हणून याला घेतलं. विमान तेल भरायला न्यूफाउंडलंडमधल्या गँडरला उतरलं. हा म्हणाला, वॉशरूमला जाऊन येतो, आणि परत गेलाच नाही. बाबा ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि शेवटी स्वतःच मांडीवर थाप मारून हसायचे, "वॉशरूमला म्हणून गेला आणि कॅनडात राहिला!" लाडूकाका हसायचा नाही. त्याची आई हवानात होती, आणि ती वारली तेव्हा त्याला परत जाता आलं नाही.

हॅमिल्टनमध्ये तो पाट्या रंगवायच्या दुकानात कामाला होता. दिवसभर मफलर, म्हणजे गाडीचे सायलेन्सर, ब्रेक्स, डेंटिस्ट अशी अक्षरं काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन आपली चित्रं. आणि चित्रं कोणाला हवी होती? कोणाला नाही! माणूस क्यूबाचा आहे म्हटलं की लोकांचे चेहरे उजळायचे. "ओ, वारादेरो! वुई वेंट लास्ट विंटर! द बीचेस!" बाबांचे मित्र एक भूलतज्ज्ञ डॉक्टर होते, त्यांच्या बायकोने, मालतीमावशीने, तर सरळ ऑर्डरच दिली. सोफ्याच्या वर लावायला नारळाची झाडं, निळं पाणी, जमलं तर एक सूर्यास्त. लाडूकाकाने पंधरा दिवसांनी चित्र दिलं. समुद्र होता, झाडंही होती, फक्त ती झाडं मुळांसकट पायऱ्या उतरून समुद्रात चालत निघाली होती आणि प्रत्येकाच्या हातात सुटकेस होती. मालतीमावशीने चित्र नम्रपणे परत पाठवलं आणि त्याच्याबरोबर चकल्या पाठवल्या. असं झालं की तो खाली जाऊन एक स्पॅनिश शिवी हासडायचा, "कोन्यो!" वर आईला ते "कोण हो?" असं ऐकू यायचं आणि ती ओ द्यायची, "मीच आहे हो, आणखी कोण असणार!" त्यावर तो दुप्पट जोराने शिवी घालायचा आणि ती दुप्पट जोराने ओ द्यायची. मला त्या शिवीचा अर्थ कळला तेव्हा मी आईला सांगितला नाही. तिच्या मते तो एकटा माणूस, जरा कोणी आहे का याची खात्री करून घेतो.

रविवारी तो वर जेवायचा. आईच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी असायची. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा तो चमचा हातात धरून थांबला आणि विचारू लागला, हे काय आहे, कशापासून करतात. बाबांनी एन्सायक्लोपीडिया उघडला. कसावा. लाडूकाका खुर्चीतून उठलाच. "युका! वहिनी, धिस इज युका!" त्यांच्याकडे म्हणे तो कंद रोज उकडून खातात, लसूण घालून. आईला पटेना. "अहो, हे उपासाचं आहे, लसूण कसली घालता!" आपण आयुष्यभर देवासाठी जे खाल्लं ते क्यूबात लोक लसणीबरोबर, डुकराच्या मटणाबरोबर खातात, हा धक्का तिला बरेच दिवस पुरला. पण त्यानंतर खिचडी केली की एक ताट झाकून खाली जायचंच. मी ते घेऊन जायचे आणि तिथेच रेंगाळायचे. भट्टी घुरघुरत असायची, वॉशिंग मशीन धडधडत असायचं, आणि त्या दोघांच्या मध्ये त्याचं ईझल. तो मला शिकवायचा म्हणजे काय, तर वरून एक वस्तू आण म्हणायचा. मी प्रेशर कुकर नेला. "काढ." काढला. "पुन्हा काढ." असा महिनाभर तोच कुकर. मी रडकुंडीला आले की म्हणायचा, अजून तो तुला कुकर दिसतोय, जोवर कुकर दिसतोय तोवर काढत राहा. एके दिवशी कागदावर काढता काढता त्या शिटीला मान फुटली आणि कुकर चक्क टोपी घातलेल्या रागावलेल्या बाईसारखा झाला. लाडूकाकाने तो कागद आपल्या भिंतीला टाचला. मी त्या दिवशी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले आणि वर येऊन जाहीर केलं, मी टोरोंटोला आर्ट कॉलेजला जाणार.

"जाशील हो," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "आधी वॉटर्लूला इंजिनिअरिंग करून ये." बाबा वाईट नव्हते. त्यांच्यावर चिडायचं तर तेवढीही सोय त्यांनी ठेवली नव्हती, इतके शांत. त्यांचं म्हणणं एवढंच, की इंजिनिअर होऊन चित्रं काढता येतात, चित्रकार होऊन पूल बांधता येत नाही. मी रडले, अबोला धरला, एक वेळ जेवले नाही. आई बाबांना म्हणाली, "अहो, जाऊ दे ना," आणि मला म्हणाली, "अगं, ऐक ना," आणि अशी दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभी राहिली. शेवटी बाबांनी एक दिवस पेपर घडी करून ठेवला. त्याच सुमाराला लाडूकाकाने टोरोंटोच्या एका गॅलरीला आपल्या चित्रांच्या स्लाइड्स पाठवल्या होत्या. बाहेरून कॅनडात आलेल्या चित्रकारांचं मोठं प्रदर्शन होतं, आणि गॅलरीच्या बाई एक चित्र प्रत्यक्ष बघायला घरी येणार होत्या. बाबा म्हणाले, "हे बघ, नीला. हा माणूस तीस वर्षं चित्रं काढतोय. कसलेला आहे. त्याचं चित्र जर त्या लोकांनी घेतलं, तर या देशात चित्रावर माणूस उभा राहू शकतो असं मी समजेन आणि तू आर्ट कॉलेजला अप्लाय कर. पण त्याचंच नाही घेतलं, तर तुझं कोण घेणार?" मी म्हटलं, "शब्द?" बाबा म्हणाले, "शब्द." बाबांचा शब्द म्हणजे स्टील. मी आनंदाने खाली पळाले आणि लाडूकाकाला सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "माझ्या चित्रावर तुझं कॉलेज? हे फार वाईट इंजिनिअरिंग आहे."

ते चित्र आमच्या दारातून कसं बाहेर जाणार होतं कोण जाणे, एवढं मोठं होतं. एक स्वयंपाकघर होतं, त्याच्या त्या हवानातल्या घरातलं, पण फरशीच्या जागी समुद्र. समुद्रावर एक लोखंडी पलंग तरंगतोय आणि पलंगावर एक बाई मांडी घालून शेंगा सोलत बसलीय. तिला चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी एक उघडी खिडकी, आणि खिडकीत बर्फ पडतोय, पांढराशुभ्र. ती त्याची आई, हे त्याने सांगितलं नाही तरी कळायचं. आमच्या आईला सुरुवातीला ते अजिबात खपलं नव्हतं. चित्राचं तोंड बरोबर वॉशिंग मशीनकडे होतं. "मी कपडे धुते आणि ही बिनतोंडाची बया माझ्याकडे टक लावून बसते!" ती त्यावर जुनी चादर टाकायची, आणि तो आला की काढायचा. मग त्याचं हातांपाशी अडलं. शेंगा सोलणारे हात त्याला जमेनात, आपल्या आईचे हात आठवेनात. आमची आई एकदा मटार घेऊन खाली बसली होती, मशीन संपायची वाट बघत, आणि तो तिच्या हातांकडे बघत राहिला. मग काय, दोन आठवडे रोज मटार. आम्ही मटार उसळ, मटार भात, मटार करंजी खाऊन कंटाळलो. पण त्या चित्रातले हात आईचे झाले, नख तुटलेल्या अंगठ्यासकट. त्यानंतर चादर गेली. आई मशीनला कपडे टाकून चित्रासमोर उभी राहायची आणि कोणी खाली आलं की सांगायची, "हात माझे आहेत बरं का."

गॅलरीच्या बाई शनिवारी यायच्या होत्या. शुक्रवारी डॉक्टरकाका आणि मालतीमावशी चित्र बघायला म्हणून येऊन गेले, आणि नारळाची झाडं परत पाठवणाऱ्या मालतीमावशीनेसुद्धा तोंडात बोट घातलं. "काय सुंदर गं! नजर हटत नाही!" हे वाक्य आईच्या मनात कुठे जाऊन बसलं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. शनिवारी सकाळी घरात लगीनघाई. पोहे झाले, शिरा झाला, आईने लाडूकाकाच्या शर्टाला इस्त्री केली, त्याच्या हातावर दही ठेवलं. बाबांनी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला आणि वर मीठ टाकलं, बाई घसरून पडायला नकोत. मला काही सुचत नव्हतं. मी जिन्यावर बसून नखं खात होते. ती गाडीतून उतरणारी बाई माझं आयुष्य ठरवणार होती आणि तिला ते माहीतही नव्हतं.

बाई उंच, चांगल्या स्वभावाच्या. मार्गरेट नाव. त्यांनी दारात बूट काढले, आईला बरं वाटलं. सगळे खाली गेलो. बाई चित्रासमोर उभ्या राहिल्या, मागे गेल्या, पुढे आल्या. "हं," म्हणाल्या. "इंटरेस्टिंग." कॅनडात इतकी वर्षं काढल्यावर मी सांगू शकते, इंटरेस्टिंग म्हणजे नाही. त्यांनी लाडूकाकाला विचारलं, तुम्ही तिकडचा उजेड कधी रंगवता का, क्यूबाचा तो सुंदर उजेड? लाडूकाकाच्या मिशा थरथरल्या. बाबा भट्टीजवळ हाताची घडी घालून उभे होते. आणि तेवढ्यात बाई वाकल्या, चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाल्या, "ओह! अँड व्हॉट इज धिस?"

खिडकीतल्या पांढऱ्या बर्फात, उजव्या बाजूला खाली, एक काळा ठिपका होता. चांगला बोटाएवढा. लाडूकाकाने पाहिलं. त्याने चष्मा लावून पाहिलं. मग त्याने हळूहळू मान वळवली आणि म्हणाला, "वहिनी?"

"तीट आहे," आई म्हणाली. एखाद्याला मीठ कुठेय ते सांगावं इतक्या सहज. "अहो, काल मालती काय काय बोलून गेली. आज ह्या बाई येणार. एवढं चांगलं झालेलं चित्र, कोणाची नजर लागली म्हणजे? गालाला लावणार होते, पण गालच नाहीत तिला. मग गाल असता तिथे लावली." सकाळी तो दाढी करत होता तेवढ्यात ती काजळाची डबी घेऊन खाली आली होती. तिने माझ्यासाठी हे सगळं इंग्रजीत सांगायचं काम ठेवलं. मी सांगितलं. बाळाला लावतात, सुंदर गोष्टीला डाग असला की दृष्ट लागत नाही, वगैरे. सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पण बाईंचा चेहरा! तो असा उजळला की वारादेरो म्हणताना कोणाचा उजळला नसेल. "म्हणजे यांनी तुमच्या चित्रात हस्तक्षेप केला? न विचारता? एका देशाच्या आईच्या चेहऱ्यावर दुसऱ्या देशाच्या आईने?" त्या मागे सरकल्या, पुन्हा पुढे आल्या, आणि आता त्यांना चित्रात तो ठिपका सोडून दुसरं काही दिसेना. "हेच! आमच्या शोला हेच हवंय! धिस इज द कॉन्व्हर्सेशन!" चित्र आम्ही घेतोच, म्हणाल्या. शेजारी या बाईंचा साडीतला फोटो लावू, ठिपक्याची गोष्ट लिहू. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी हाताची घडी सोडली होती. घेतलं! मी मनातल्या मनात टोरोंटोला पोचले होते, तिथल्या स्ट्रीटकारमध्ये बगलेत ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसलेसुद्धा होते.

"तो डाग आहे," लाडूकाका म्हणाला. "मी पुसतो. पुढच्या आठवड्यात या." बाई घाईने म्हणाल्या, "नो, नो, प्लीज! हात लावू नका त्याला!" त्याने विचारलं, "डाग नसेल तर चित्र हवंय?" बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. प्रामाणिक होत्या, हे मान्य करायला हवं. म्हणाल्या, "आय वुड हॅव टु थिंक." आईला एव्हाना काहीतरी बिनसल्याचं कळलं होतं. "अहो, पुसा की, पुसून जाते, तीटच ती!" असं म्हणत तिने स्वतःच पदर पुढे केला. पण बाळाच्या गालावरून जाते तशी ती गेली नाही. त्याने आदल्या संध्याकाळीच बर्फावर पांढऱ्याचा आणखी एक हात दिला होता, तो ओला होता, आणि काजळात एरंडेल तेल. काळं पांढऱ्यात मुरलं होतं. आईच्या पदराने बर्फात राखाडी फराटा उठला. मग लाडूकाकाने तिला हाताला धरून अलगद बाजूला केलं, रंग कालवायची सुरी घेतली आणि तो सगळा कोपरा खरवडून काढला. पार कापड दिसेपर्यंत. भट्टी घुरघुरत होती आणि वर ती खरखर.

बाई वर आल्या. पोहे खाल्ले, रेसिपी विचारली, आईला मिठी मारली, आणि "वुई विल बी इन टच" म्हणून गेल्या. कॅनडात कोणी कोणाला नाही म्हणत नाही.

मी खाली गेले आणि त्याच्या अंगावर ओरडले. जन्मात कोणा मोठ्या माणसावर तशी ओरडले नव्हते. "एक ठिपका! एवढासा ठिपका! काय बिघडलं असतं?" तो खुर्चीवर बसला होता, हातात तीच सुरी. म्हणाला, "नीला, मी त्यात माझी आई ठेवली, समुद्र ठेवला. ती बाई आली आणि तिने ठिपका पाहिला. ठिपका चांगला आहे. माझा नाही." मी म्हटलं, "पण लोक आले असते बघायला!" तो म्हणाला, "ठिपका बघायला." या माणसाशी बोलण्यात अर्थ नव्हता. कोन्यो, मी म्हटलं, आणि दार आपटून वर आले. स्वयंपाकघरात आई ओट्याला टेकून रडत होती. "दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली, आणि मेली तिटेचीच दृष्ट लागली," म्हणाली. तिचं ताट दोन-तीन दिवस खालून भरलेलंच परत आलं. मग तिने खिचडी केली, स्वतः घेऊन खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही. काय बोलली ते मला माहीत नाही. येताना ताट रिकामं होतं आणि तिच्या हातावर पांढरा रंग होता.

बर्फाचे दिवस संपल्यावर लाडूकाका मॉन्ट्रियालला गेला. तिथे त्याला कोणीतरी भेटलं, कोणीतरी भिंत दिली, मग आणखी कोणी. म्हातारपणी त्याचं बऱ्यापैकी नाव झालं, मिशाही पांढऱ्या झाल्या. नाताळात त्याचा फोन यायचा, फ्रेंच, स्पॅनिश आणि 'वहिनी' यांची मिसळ. तो गेल्यावर तिथे त्याच्या सगळ्या चित्रांचं प्रदर्शन झालं तेव्हा मी आईला घेऊन गेले. व्हीलचेअरवर होती ती. ते चित्र होतं. बर्फ अखंड, कुठे काही झाल्याचा मागमूस नाही. आईने बोट पुढे केलं, "इथे होती बघ," आणि गार्ड धावत आला, "मादाम, सिल व्हू प्ले!" आई त्याला मराठीत म्हणाली, "हात माझे आहेत." पण हे फार नंतरचं.

त्या आठवड्यात मी हार मानलेली नव्हती. मी बाबांची मुलगी होते, मुद्दा शोधून काढला. पुन्हा बर्फ पडला होता, आम्ही दोघं ड्राइव्हवे शोव्हल करत होतो. मी म्हटलं, "बाबा, तुमचा शब्द काय होता? त्या लोकांनी चित्र घेतलं तर. त्यांनी घेतलं होतं. तुमच्यासमोर 'घेतोच' म्हणाल्या बाई. नाही म्हणाला तो लाडूकाका. त्यात माझा काय संबंध?"

बाबांनी फावडं बर्फात रोवलं. त्यांनी खरोखर विचार केला, ते कधी उगाच विचार केल्यासारखं करायचे नाहीत. "मुद्दा बरोबर आहे," म्हणाले. "घेतलं होतं. शब्द म्हणजे शब्द." मी नाचायचीच बाकी होते. "फक्त एक सांग. चित्र तुझं असतं, तर तू काय केलं असतंस?"

"ठेवला असता ठिपका!" मी ताबडतोब म्हटलं. "कोणीही ठेवला असता, बाबा. एवढ्यासाठी कोण चान्स घालवतं?"

"तो घालवतो," बाबा म्हणाले. रागाने नाही. माझ्या टोपीवरचा बर्फ त्यांनी हाताने झटकला. "म्हणून तो चित्रकार आहे, बाळ. तुला इंजिनिअरिंग जमेल."

उत्तरं आता ढीगभर सुचतात. सतराव्या वर्षी कोणाला कळतं हो काय ठेवायचं आणि काय खरवडायचं? लाडूकाकानेसुद्धा घोषणा रंगवल्याच होत्या, पोटासाठी मफलरच्या पाट्या रंगवल्याच होत्या, तेव्हा त्याला कोणी विचारलं का? ही उत्तरं मी कॉन्डोच्या लिफ्टमध्ये बाबांना देते, मोठ्याने, आणि शेजारी बिचारे दुसऱ्या लिफ्टची वाट बघतात. पण त्या दिवशी मी फावडं उचललं आणि राहिलेला बर्फ काढला. आर्ट कॉलेजला अप्लाय केलंच नाही. बाबांनी नाही म्हटलं नव्हतं, मीच केलं नाही. सप्टेंबरात वॉटर्लूला गेले. आणि बाबांचं खरं झालं, मला इंजिनिअरिंग जमलं. छान जमलं. सगळा राग त्याचाच आहे.